फिर्यादीचे पुस्तक आणि आरोपींचे वाङ्मय

वऱ्हाडातील गुन्ह्यांविषयीचे एक जुने इंग्रजी पुस्तक मी बरीच वर्षे शोधत होतो. मेजर ई. जे. गन्थॉर्प या वऱ्हाडातील पोलिस अधिकाऱ्याने ते लिहिले आणि १८८२ साली मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया स्टीम प्रेसमध्ये ते छापले गेले. त्याच्या लांबलचक नावाचा मराठीत अर्थ असा : मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्यप्रांत येथे राहणाऱ्या अथवा येजा करणाऱ्या गुन्हेगार जमातींविषयी टिपणे. बुलढाणा जिल्हा तेव्हा वऱ्हाडात होता, म्हणजे निजामाकडून १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभारात आलेल्या मुलखात. आमच्या भागातल्या गुन्ह्यांवर स्वतंत्र पुस्तक म्हणून छापले गेलेले इतके जुने दुसरे लिखाण माझ्या पाहण्यात नाही. या पुस्तकाचा शोध घेताना आणि ते वाचताना जे प्रश्न पडले, ते येथे मांडायचे आहेत. जुनी पुस्तके जमवणाऱ्याच्या हौसेचे हे प्रश्न नाहीत. ज्यांच्यावर हे पुस्तक लिहिले गेले ते लोक आजही आमच्या जिल्ह्यात राहतात, आणि गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांच्यातल्याच लेखकांनी मराठीत पुस्तके लिहिली आहेत. ही दोन प्रकारची पुस्तके समोरासमोर ठेवून वाचली गेली पाहिजेत असे माझे म्हणणे आहे.

१

पुस्तकाचा पहिला माग मला रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या ग्रंथात लागला. मध्यप्रांतातील जाती-जमातींवरचा त्यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. त्यात पारधी, कैकाडी, भामटे, कोल्हाटी, मांग-गारुडी यांच्यावरची प्रकरणे वाचताना एक नाव पुन्हापुन्हा येते : मेजर गन्थॉर्प. जमातीचा इतिहास, लग्नाच्या चाली, देवदेवता हे सांगून झाले की गुन्ह्याचा भाग येतो आणि तेथे गन्थॉर्पच्या पुस्तकातले उतारेच्या उतारे लावलेले असतात. मूळ पुस्तक पाहिल्याशिवाय या उताऱ्यांचे वजन कळणार नाही, असे वाटून मी शोध सुरू केला.

जिल्ह्यातल्या जुन्या वाचनालयांतून चौकशी केली. घाटावरची झाली, घाटाखालची झाली. एका ठिकाणी ग्रंथपालांनी अगदी आपुलकीने विचारले, ‘‘गुन्ह्यांवरचं म्हणजे बाबूराव अर्नाळकर का?’’ आणि झुंजारच्या फाटक्या प्रतींचा गठ्ठा समोर ठेवला. दुसरीकडे कपाटाच्या तळाशी गॅझेटियर मिळाले, गन्थॉर्प मिळाला नाही. जुन्या कागदपत्रांची आवड असलेल्या वकिलांना विचारले, रद्दीवाल्यांकडे निरोप ठेवले. शेवटी एका मोठ्या शहरातल्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात पुस्तक वाचायला मिळाले. घरी न्यायचे नाही आणि छायाप्रत काढायची नाही या अटीवर. मी ते टेबलाशी बसून वहीत उतरवून घेतले.

परंतु या शोधातली खरी माहिती मला वाचनालयाबाहेर मिळाली. नोकरीतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध शिपायाला मी या पुस्तकाविषयी विचारले होते. त्यांनी लेखकाचे नाव कधी ऐकलेले नव्हते. इंग्रजी त्यांना येत नाही. पण विषय निघताच ते सांगू लागले, ‘‘सर, कैकाड्याची बाई टोपली इकाले आली म्हंजे घर पाहाले आली, हे आमाले पयल्यांदाच शिकोलं होतं.’’ मग पारधी कसा ओळखावा, जाते टाकवायला आलेल्या माणसावर नजर का ठेवावी, असे एकेक सांगत गेले. पुढे टेबलाशी बसून गन्थॉर्प उतरवताना मला त्यांच्या बोलण्याची आठवण होत होती. रचना तीच होती. कित्येक ठिकाणी क्रमही तोच. पुस्तक दुर्मीळ झाले, पण त्यातला मजकूर दुर्मीळ झालेला नाही. एका पिढीने दुसऱ्या पिढीला तो तोंडी दिला आहे, आणि ज्याने घेतला त्याला तो आपला अनुभव वाटतो.

ही परंपरा नुसती तोंडी राहिली असेही नाही. मध्यप्रांताच्या पोलिसांसाठी गेयर या अधिकाऱ्याने केलेली व्याख्याने आहेत. १९०८ साली मुंबई इलाख्याचे पोलिस प्रमुख मायकेल केनेडी यांचे गुन्हेगार वर्गांवरचे जाडजूड पुस्तक सरकारी छापखान्यातून निघाले. या केनेडीचे पुनर्मुद्रण दिल्लीच्या मित्तल प्रकाशनाने १९८५ साली केले, आणि नावातला मुंबई इलाखा जाऊन तेथे सगळा भारत आला. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला होता. कायदा जाऊन तेहतीस वर्षे झाल्यावर त्या कायद्याचे पाठ्यपुस्तक अधिक मोठ्या नावाने बाजारात आले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ प्रसिद्ध झाले. हा योगायोग मराठी समीक्षेने लक्षात घेतल्याचे मला आढळलेले नाही.

२

आता पुस्तकाकडे वळू. खऱ्या गुन्ह्यांवरचे पुस्तक म्हटले की वाचकाची काही अपेक्षा असते. अमुक गावी, अमुक तारखेला, अमुक माणसाने अमुक केले. तपास झाला, पुरावा मिळाला किंवा मिळाला नाही, न्यायालयाने निकाल दिला. यातले माणूस, कृत्य आणि पुरावा हे तिन्ही काढून घेतले तर गुन्हेकथेत काही उरत नाही.

गन्थॉर्पच्या पुस्तकाची ठेवण वेगळी आहे. त्यात प्रकरणांना जमातींची नावे आहेत. हे लोक कसे दिसतात, काय नेसतात, पाल कोठे टाकतात, बरोबर कोणती जनावरे असतात, त्यांच्या बायका गावात कशाच्या मिषाने शिरतात, पुरुष रात्री काय करतात, असे वर्णन एकामागून एक येते. एखाद्या प्रसंगाचा उल्लेख झालाच तर तो जमातीचे उदाहरण म्हणून होतो. या लिखाणाचे क्रियापद पाहावे. ते भूतकाळी नाही. ‘हे लोक जातात, पाहतात, चोरतात’ अशी ती भाषा आहे; आपल्या व्याकरणात जिला रीती वर्तमानकाळ म्हणतात तशी. न्यायालयाचे क्रियापद ‘केले’ असे असते, आणि ते सिद्ध करावे लागते. ‘करतात’ हे क्रियापद सिद्ध करावे लागत नाही. ते सूर्य पूर्वेला उगवतो या विधानासारखे असते. त्याला साक्षीदार लागत नाही आणि त्याची शिक्षा कधी भोगून संपत नाही.

हे क्रियापद आपल्या वाचकांच्या चांगले ओळखीचे आहे. स्मृतिग्रंथांचे क्रियापद हेच आहे. अमुक वर्णात जन्मलेला अमुक करतो, म्हणून त्याने अमुकच करावे. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा मांडला गेला तेव्हा त्याच्या समर्थनार्थ केलेला युक्तिवादही याच घाटाचा होता : या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, तर चोराचा मुलगा चोर होणारच. इंग्रज अधिकारी स्वतःला आधुनिक, शास्त्रीय, कायद्याचे राज्य आणणारे समजत. पण गुन्हा या विषयाशी आले तेव्हा त्यांनी आपला दंडविधान बाजूला ठेवला आणि येथल्या जातिव्यवस्थेचा सिद्धांत उचलून त्याला सरकारी गणवेश चढवला. वर्णव्यवस्थेने माणसाला जन्माने अपवित्र ठरवले होते. या कायद्याने त्याला जन्माने आरोपी ठरवले.

पुस्तकाच्या नावातले दोन शब्दही तपासण्यासारखे आहेत. ‘राहणाऱ्या अथवा येजा करणाऱ्या.’ राहिला तरी गुन्हेगार आणि आला-गेला तरी गुन्हेगार. आमच्या जिल्ह्याची जागा लक्षात घेतली तर या येजा करण्याचा अर्थ कळतो. बुलढाण्याच्या पश्चिमेला खानदेश म्हणजे मुंबई इलाखा, दक्षिणेला निजामाचे राज्य, उत्तरेला सातपुडा ओलांडला की मध्यप्रांताचा निमाड. तीन राज्यांच्या सीमा या एका जिल्ह्याला भिडत होत्या. भटक्याच्या पायवाटा या सीमांच्या आधीच्या आहेत. त्याच्या वाटेवर नकाशाची रेघ आली आणि रेघ ओलांडणे हा संशय झाला.

३

या पुस्तकात माणसाचे कसब त्याच्याच विरुद्धचा पुरावा कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. कैकाडी पऱ्हाट्यांच्या आणि गवताच्या टोपल्या विणतात. मग टोपली विकणे म्हणजे घर हेरणे. टाकणकार टाकी घेऊन दारोदार जाती टाकवतात; मग जाते टाकवणे म्हणजे आतली भांडी मोजणे. मांग-गारुडी म्हशी भादरतात. मग म्हशी भादरणे हे सोंग. ज्या कामावर त्यांची चूल पेटत होती त्या प्रत्येक कामाला येथे मुखवटा ठरवलेले आहे. टोपली चांगली की वाईट, किती दिवस टिकते, किती ज्वारीला दिली जाते, हे प्रश्न मेजरला पडत नाहीत. पऱ्हाटीची कणगी ज्या कुणब्याच्या घरात वर्षभर धान्य सांभाळते, त्याच घरावर दरोडा घालण्यासाठी ती विणली असे समजायचे!

हे पुस्तक कधी निघाले हेही पाहावे. १८६० नंतरच्या दशकात रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगावच्या बाजूने वऱ्हाडात शिरली आणि १८६७ साली नागपूरला पोचली. १८७० साली जलंबहून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत फाटा गेला. बैलांच्या तांड्यावर धान्य आणि मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्याचा धंदा यामुळे बसला. जंगले राखीव होऊ लागली तशी पारध्याची शिकार चोरी ठरत गेली. ज्या वीस वर्षांत या लोकांच्या पोटाची साधने एकामागून एक काढून घेतली गेली, त्याच वीस वर्षांच्या शेवटी त्यांना जन्मजात गुन्हेगार म्हणणारे पुस्तक निघते. त्यात रेल्वेची आणि जंगलाची ही बाजू कारण म्हणून मांडलेली नाही. कारण जातीत शोधले की कारण सरकारात शोधावे लागत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आपण टाळू नये. या लोकांतून कोणी चोऱ्या केल्याच नाहीत काय? केल्या. तसे नाकारणे म्हणजे खोट्या अभिमानाचे वाङ्मय लिहिणे होय. पण चोरी केली ती माणसांनी, ठरावीक काळी, ठरावीक उपासमारीत. शेजारच्या अकोला जिल्ह्यात १९७४ साली दोन दलित भावांचे डोळे काढण्यात आले. त्या गुन्ह्याने सारा महाराष्ट्र हादरला. त्या गुन्हेगारांच्या जातीवर, तिच्या पेहरावावर, तिच्या बायकांच्या सवयींवर आणि तिच्या गुन्हा करण्याच्या रीतीवर कोणी पोलिस पाठ्यपुस्तक लिहिले काय? लिहिले नाही, आणि लिहूही नये. गावच्या सत्ताधाऱ्याने गुन्हा केला की तो त्या माणसाचा गुन्हा असतो. मग पारध्याने केलेला गुन्हा पारध्यांचा कसा होतो, एवढाच आपला प्रश्न आहे.

४

‘उपरा’ १९८० साली आले, ‘उचल्या’ १९८७ साली, भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ही त्याच वर्षी. ‘उपरा’ला १९८१ चा आणि ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या पुस्तकांचे स्वागत करताना प्रस्थापित समीक्षेने एक शब्द सढळ हाताने वापरला : अपरिचित. अपरिचित जग, अनोखे अनुभवविश्व, आजवर अंधारात राहिलेला समाज. गन्थॉर्प वाचल्यापासून मला हा शब्द सहन होत नाही. हा समाज अंधारात कधीच नव्हता. त्याच्यावर सरकारी कंदिलाचा झोत सतत रोखलेला होता. त्याची पाले मोजली होती, बायकांचे दागिने नोंदले होते, सांकेतिक बोलीतले शब्द लिहून घेतले होते, हजेरीपटावर नाव चढवले होते, गाव सोडायला परवाना लावला होता. गन्थॉर्पपासून ‘उपरा’पर्यंत अठ्ठ्याण्णव वर्षे होतात. या अठ्ठ्याण्णव वर्षांत या लोकांविषयी जेवढे लिहिले गेले तेवढे मराठी मध्यमवर्गाविषयी कोणत्याही पोलिसाने लिहिले नसेल. अपरिचित होता तो फक्त त्यांचा स्वतःचा आवाज.

म्हणून मी या आत्मकथनांना नवा विषय आणणारी पुस्तके मानत नाही. फिर्याद आधी दाखल झाली होती. ही पुस्तके म्हणजे आरोपींची कैफियत आहे. फिर्यादीचा कागद हाती नसेल तर कैफियतीतले अर्धे मुद्दे वाचकाला कळत नाहीत. ‘उपरा’मध्ये टोपल्या विणणारे, गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारे कैकाडी कुटुंब आहे. समीक्षक त्यात दारिद्र्याचे चित्रण पाहतो. गन्थॉर्प वाचलेल्या वाचकाला त्याच टोपलीवरचा आरोप माहीत असतो. टोपली विणताना बोटे कशी सोलतात हे आतून सांगितले जाते तेव्हा हेरगिरीचा तो जुना आरोप निरुत्तर होतो. लक्ष्मण माने यांनी गन्थॉर्प वाचला होता की नाही याने फरक पडत नाही. शिपाईदादांनीही तो वाचलेला नव्हता. आरोप हवेत असतो, उत्तर त्या हवेलाच दिले जाते.

‘उचल्या’चे धैर्य याहून अवघड आहे. तेथे लेखक चोरी नाकारत नाही. माझ्या घरात चोरी होती, असे तो सांगतो. आणि मग ती का होती, तिच्यापायी घरावर धाडी कशा पडत, पोलिसांची वसुली कशी चाले, काम मागायला गेले की काम का मिळत नसे, हे सांगतो. म्हणजे माणूस, कृत्य, कारण आणि परिणाम हे सारे तेथे आहे. गुन्ह्यावरच्या खऱ्या पुस्तकाकडून जे मागावे ते मेजरने दिले नाही. ते धनेगावच्या एका मुलाने दिले. ‘बेरड’ सीमाभागातल्या बेरडांविषयी हेच करते : कोठेही चोरी झाली की कोणाला उचलायचे, हे आधीच ठरलेले असण्याचा अर्थ काय, ते सांगते. त्याच्याही आधी, १९५९ साली, अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’मध्ये इंग्रजांच्या दप्तरी गुन्हेगार असलेल्या माणसाला नायक केले होते. मराठी कादंबरीत गुन्हेगाराची व्याख्या तेथे पहिल्यांदा मुळातून उलटी झाली.

या वाङ्मयाचे मोल ठरवताना ‘कलात्मक अलिप्तता’ मागणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. अलिप्त लेखनाचा नमुना हवा असेल तर गन्थॉर्पएवढा अलिप्त लेखक कोठे मिळेल? त्याला राग नाही, दुःख नाही, आवाज चढवणे नाही. थंड, नीटस, निरीक्षणाने भरलेले गद्य आहे. एवढ्या अलिप्तपणाने माणसांना माणसांतून उठवता येते हे ज्याने पाहिले, त्याने ‘उचल्या’तल्या रागाला दोष देताना जरा थांबावे.

५

हा विषय दलित चळवळीचा आहे काय, असे कोणी विचारील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार जमाती या तिघांना एका रांगेत उभे केले, गुन्हेगार जमातींची संख्या सुमारे दोन कोटी सांगितली, आणि असे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीला जाब विचारला. त्याच्या आधी मुंबई इलाख्यात स्टार्ट समितीवर बाबासाहेब सभासद होते. तिचा अहवाल १९३० साली आला. समितीचे अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे काम पाहिलेले अधिकारी होते. सरकारच्या टेबलावर या फायली एकमेकींना लागूनच होत्या. त्या दूर केल्या त्या आपण.

गन्थॉर्पच्या यादीतले मांग-गारुडी आज अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. पारधी आणि टाकणकार अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. कैकाड्याची गोष्ट तर आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी अशी आहे. बुलढाण्यासह विदर्भात तो अनुसूचित जातीत मोडतो. देऊळगाव राजाहून पुढे जालन्याच्या हद्दीत गेला की विमुक्त जातीत. टोपली तीच, बोली तीच, सोयरीक तीच. हद्द ओलांडली की संविधानाची रकाना-पट्टी बदलते. मेजरच्या काळी याच हद्दीने त्याला संशयित केले होते.

पण कागदाच्या याद्यांपेक्षा मनाच्या याद्या अधिक चिवट असतात. गावगाड्यात वेशीवर राखणीला कोणाला बसवले होते? महाराला. आलागेला परका माणूस पाटलाला कळवायचा, रात्री गस्त घालायची, चोरी झाली तर माग काढायचा, हे वेसकराचे काम. म्हणजे एका बहिष्कृताला दुसऱ्या बहिष्कृतावर पहारा करायला लावले होते. वेसकरकी गेली, पण आपल्या वस्तीत सायकल हरवली की कोणाच्या तोंडून पहिला शब्द काय निघतो, हे आपण सगळे जाणतो. ‘पारध्याच्या बेड्यावर पाहा.’ हे वाक्य गन्थॉर्पचे आहे. भीमजयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्याच्या तोंडी ते येते तेव्हा ते अधिकच त्याचे होते. आपली मराठीही या बाबतीत निर्दोष नाही. ‘भामटा’ हे एका जमातीचे नाव आहे हे विसरून आपण ते फसवणाऱ्या कोणालाही लावतो. पुढारी भ्रष्ट निघाला की त्याला भामटा म्हणून मोकळे होतो आणि त्या शिवीचे मोल मात्र राजपूत भामट्याच्या पोराला शाळेत मोजावे लागते.

कायद्याने तरी सुटका झाली काय? १९५२ नंतर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. जमातीचे नाव गेले, नजर राहिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तितर धरणारा पारधी नव्याने गुन्हेगार झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, तुरुंगातील नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये असे बजावले. गन्थॉर्पच्या पुस्तकानंतर एकशे बेचाळीस वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे सांगावे लागले, यावरून ते पुस्तक किती ‘दुर्मीळ’ आहे ते समजावे.

आणखी एक गोष्ट. बेड्यावरच्या मुलाला जातीचा दाखला हवा असेल तर अनुसूचित जमातीसाठी १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. जन्माची नोंद नाही, शाळेत कोणी गेलेले नाही, जमिनीचा तुकडा नाही. कागद कोठून आणायचा? आणि १८८२ सालीच सरकारी अधिकारी त्याच्या पणज्याचे पाल, पेहराव आणि कुत्री नोंदवून गेलेला आहे! संशयासाठी हे लोक येथले होते. हक्कासाठी ते कोठलेच नाहीत.

६

मग या पुस्तकाचे करायचे काय? काही मित्र म्हणतात, असले विष पुन्हा बाहेर कशाला काढता, आहे तेथे पडून कुजू द्या. ही सूचना मला मान्य नाही. पुस्तक कुजले तरी शिपाईदादांचे पाठांतर कुजत नाही. मूळ कागद नाहीसा झाला तर ते पाठांतर लोकानुभव म्हणून मिरवत राहील आणि त्याचा लेखक कोण, ते कधी आणि कोणत्या हेतूने लिहिले, हे दाखवायला आपल्या हाती काही उरणार नाही. आरोपीला फिर्यादीची नक्कल मिळणे हा त्याचा हक्क आहे.

पण केनेडीचे झाले तसे कोरे पुनर्मुद्रणही मला मान्य नाही. माझी सूचना अशी आहे. गन्थॉर्पच्या वऱ्हाडाशी संबंधित प्रकरणांचे मराठी भाषांतर व्हावे. ते ज्यांच्यावर आहे त्यांच्यातल्याच शिकलेल्या मुलामुलींनी, प्राध्यापकांच्या मदतीने, संपादित करावे. प्रत्येक पानासमोर त्या जमातीचे उत्तर छापावे : टोपलीविषयी टोपली विणणाऱ्या बाईने काय सांगितले, टाकीविषयी टाकणकार काय म्हणतो, हजेरीविषयी घरात कोणती आठवण आहे. जेथे चोरीची आठवण आहे तेथे तीही छापावी, गाळू नये. ‘उचल्या’ने ती वाट घालून दिली आहे.

हे काम आमच्या जिल्ह्यात सुरू करता येण्यासारखे आहे. मोताळा, चिखली, मेहकर, संग्रामपूर या भागांतल्या शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की जुन्या पाटलांच्या घरी हजेरीच्या वह्या, परवान्याचे कागद, बेड्याच्या नोंदी असतील तर त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. बेड्यावरची सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसे थोडी उरली आहेत; त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे. मी उतरवलेली वही ज्याला हवी त्याला दाखवायला तयार आहे. दर वर्षी ३१ ऑगस्टला विमुक्त दिनाचा कार्यक्रम होतो, भाषणे होतात. येत्या ३१ ऑगस्टला भाषणाऐवजी एखाद्या बेड्यावर बसून गन्थॉर्पचे एक प्रकरण मोठ्याने वाचावे, ऐकणाऱ्यांना बोलू द्यावे आणि ते लिहून घ्यावे. पुस्तकाचे पहिले पान तेथून तयार होईल.